छातीचें क्ष-किरण चित्र : निकडीच्या वेळीं त्याचें वाचन

घरांतील एखाद्या माणसाचा श्वास अकस्मात् कोंडूं लागला, त्यास रुग्णालयांत नेलें, आणि डॉक्टरांनीं छातीचें चित्र काढावयास सांगितलें, म्हणजे सर्व मंडळी त्या काळ्यापांढऱ्या चित्राकडे न्यायालयाच्या निकालपत्राकडे पाहावें तशी पाहूं लागतात. 'फोटोंत कांहीं निघालें नाहीं' हे शब्द ऐकतांच सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. 'फोटोंत डाग आहे' हे शब्द ऐकतांच पोटांत गोळा उठतो. परंतु हें चित्र म्हणजे निकाल नव्हे, ती एक साक्ष आहे. साक्षीदार कितीहि प्रामाणिक असला तरी त्यानें जेवढें पाहिलें तेवढेंच तो सांगणार. निकडीच्या प्रसंगीं ही साक्ष कशी घेतात, ती कोठें खरी ठरते, कोठें फसवते, आणि तिच्यासाठीं क्षणभरहि थांबूं नये असे प्रसंग कोणते, हें सुशिक्षित कुटुंबांनीं समजून घेण्यासारखें आहे.

जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें विल्हेल्म रंटगेन या शास्त्रज्ञास हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं आढळले. त्यांचें स्वरूप ठाऊक नसल्यामुळें, बीजगणितांत अज्ञात राशीस नांव द्यावें त्याप्रमाणें, त्यांस 'क्ष' हें नांव मिळालें. रंटगेन यांनीं या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. त्यामुळें तो वणव्यासारखा जगभर पसरला. १८९७-९८ सालच्या वायव्य सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेंत जखमी शिपायांच्या अंगांतील गोळ्या शोधण्यासाठीं या किरणांचा उपयोग झाला, आणि १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक रंटगेन यांस मिळालें.

या चित्राचें मूळ तत्त्व सोपें आहे. दिव्यापुढें हात धरला कीं भिंतीवर सावली पडते, तशीच ही शरीरांतील भागांची सावली होय. जो भाग किरणांस सहज जाऊं देतो तो चित्रांत काळा उमटतो, जो अडवतो तो पांढरा. हवा काळी, चरबी काळसर करडी, रक्त, पाणी व मांस हीं पांढुरकीं, हाड पांढरें, आणि धातु शुभ्र पांढरा, अशा या पांच छटा आहेत. निरोगी फुप्फुस हवेनें भरलेलें असल्यामुळें काळें दिसतें, आणि त्यांतील रक्तवाहिन्या झाडाच्या बारीक फांद्यांसारख्या त्या काळ्या भागांत पसरलेल्या दिसतात. यांतील एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. रक्त, पू, पाणी आणि मांस यांची छटा जवळजवळ एकच असल्यामुळें चित्रांतील पांढऱ्या भागांत नेमकें काय आहे हें चित्र स्वतः सांगूं शकत नाहीं. तें ताप, खोकला, अपघात, नाडी आणि रक्तदाब यांवरून ठरवावें लागतें.

दुसरें तत्त्व कडांचें आहे. पांढऱ्या चादरीवर तांदळाचें पीठ सांडलें तर तें दिसत नाहीं. काळ्या घोंगडीवर सांडलें तर त्याची कड स्पष्ट उमटते. हृदयाची कड आपणांस दिसते ती शेजारीं हवेनें भरलेलें काळें फुप्फुस असतें म्हणून. त्या फुप्फुसांत पू किंवा पाणी भरलें कीं दोन पांढुरक्या वस्तु एकमेकींस भिडतात आणि कड पुसली जाते. बेंजामिन फेल्सन या अमेरिकन तज्ज्ञानें १९५० सालीं हें लक्षण नामांकित केलें. हृदयाची उजवी कड पुसली गेली असल्यास उजव्या फुप्फुसाचा मधला खंड बिघडला आहे, आणि छाती व पोट यांमधील श्वासपटलाची रेघ नाहींशी झाली असल्यास बिघाड खालच्या खंडांत आहे, असा तर्क करतां येतो. म्हणजे जाणत्या वाचकाचें लक्ष जें दिसतें त्याइतकेंच जें दिसावयास हवें होतें व दिसत नाहीं त्याकडेहि असतें.

वाचनास आरंभ होतो तो मात्र रोगापासून नव्हे, नांवापासून. चित्र याच रुग्णाचें आहे ना, आजचेंच आहे ना, आणि उजव्या-डाव्या बाजूची खूण बरोबर आहे ना, हें आधीं पाहतात. घाईच्या वेळीं एकाचें चित्र दुसऱ्याच्या खाटेशीं गेलें तर सर्व विद्वत्ता व्यर्थ होय. नंतर चित्र कसें काढलें तें पाहतात. रुग्ण उभा राहूं शकत असल्यास त्याची छाती पट्टीस टेकवून, सुमारें सहा फुटांवरून, पाठीकडून किरण सोडतात. हृदय छातीच्या पुढच्या भागांत असल्यामुळें तें पट्टीजवळ येतें आणि त्याची सावली खऱ्या आकाराजवळची पडते. अत्यवस्थ रुग्ण उभा राहूं शकत नाहीं. त्याची पट्टी पाठीखालीं सरकवून पुढून किरण सोडावे लागतात. तेव्हां हृदय पट्टीपासून दूर राहतें आणि त्याची सावली फुगते, जसा हात भिंतीपासून दूर व दिव्याजवळ नेला कीं त्याची सावली मोठी होते. उभ्या चित्रांत मोठ्या माणसाचें हृदय छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक नसावें, असा ढोबळ नियम आहे; तो निजलेल्या माणसाच्या चित्रास लावला तर धडधाकट हृदयहि रोगी ठरेल. श्वास पूर्ण घेतला नसला तर फुप्फुसांचा तळ दाटून पांढुरका दिसतो आणि नसलेला रोग दिसूं लागतो. तंत्रज्ञ 'दीर्घ श्वास घ्या, रोखून धरा' असें सांगतो तें याचसाठीं.

यानंतर ठराविक क्रमानें फेरी मारावयाची : प्रथम श्वासनलिका मध्यावर आहे का, मग बरगड्या, खांद्याचीं व मानेजवळचीं हाडें, मग हृदय व त्याच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या, मग श्वासपटल व त्याचे दोन्ही बाजूंचे कोन, आणि शेवटीं फुप्फुसें, तींहि वरपासून खालपर्यंत, उजवें व डावें ताडून. या क्रमाचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. एक ठळक दोष सांपडला कीं डोळ्यांस समाधान वाटतें आणि शोध थांबतो. न्यूमोनियाचा पांढरा डाग दिसल्याच्या आनंदांत मोडलेली बरगडी सुटते. म्हणून फुप्फुसांचीं शिखरें, हृदयामागचा भाग, श्वासपटलाखालचा भाग आणि चित्राच्या कडा, हे चार कानेकोपरे मुद्दाम पाहावयाचे, असा शिरस्ता पडला आहे.

आतां हें ज्ञान प्रत्यक्षांत कसें उपयोगी पडतें तें पाहूं. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हें स्थानक लागतें. भोंवतीं गोदावरीच्या खोऱ्यांतील काळी जमीन, त्यांत कापूस, सोयाबीन, तूर. अशा गांवांतील लोकांवर कोणते प्रसंग ओढवतात याची कल्पना करणें कठीण नाहीं.

समजा, शेतांतून परततांना ट्रॅक्टर उलटला आणि चालकाच्या छातीस मार लागला. बरगडी मोडून तिचें टोंक फुप्फुसांत शिरलें तर फुप्फुसांतील हवा बाहेर, म्हणजे फुप्फुस व छातीची भिंत यांमधील पोकळींत, शिरते. यास न्यूमोथोरॅक्स म्हणतात. चित्रांत फुप्फुसाची कड एका बारीक पांढऱ्या रेघेसारखी आंत सरकलेली दिसते आणि त्या रेघेबाहेर निव्वळ काळेपणा असतो. रक्तवाहिन्यांच्या फांद्या तेथें नसतात. त्याच पोकळींत रक्त सांचलें तर उभ्या चित्रांत श्वासपटलाचा टोंकदार कोन बोथट होतो. परंतु तेवढें दिसण्यासाठींहि साधारण पाव लिटर द्रव जमावा लागतो. रुग्ण निजलेला असेल तर हवा पुढें चढते, रक्त पाठीकडे पसरतें, आणि हीं दोन्ही लक्षणें अंधुक होतात : हवेच्या ठिकाणीं एखादा कोन अधिक खोल व काळा दिसेल, रक्ताच्या ठिकाणीं ती सगळी बाजू धुरकट दिसेल, इतकेंच.

एक बाजू संपूर्ण पांढरी झाली असल्यास श्वासनलिका व हृदय कोणत्या बाजूस सरकलीं आहेत तें पाहतात. पाणी किंवा रक्त भरलें असेल तर तीं दुसऱ्या बाजूस ढकललीं जातात; नळी तुंबून फुप्फुसच मिटलें असेल तर तीं त्याच बाजूस ओढलीं जातात. छटा एकच, उपाय मात्र निराळे : एकांत नळी घालून द्रव काढावयाचा, दुसऱ्यांत तुंबलेली नळी मोकळी करावयाची.

ट्रॅक्टरखालीं सांपडलेल्या या माणसाच्या बाबतींत एक प्रसंग असा येतो कीं चित्र काढणें हेंच चूक ठरतें. फाटलेल्या जागेची झडप बनून हवा प्रत्येक श्वासाबरोबर पोकळींत शिरते, पण बाहेर पडत नाहीं. दाब वाढतां वाढतां हृदय व मोठ्या शिरा दुसऱ्या बाजूस दाबल्या जातात, हृदयाकडे रक्त परतत नाहीं, रक्तदाब कोसळतो. अशा वेळीं एका बाजूचा श्वास ऐकूं येत नाहीं, मानेच्या शिरा फुगलेल्या असूं शकतात, रुग्ण तडफडतो. हें ओळखावयाचें तें डोळ्यांनीं, हातांनीं व स्टेथोस्कोपनें, आणि तत्काळ जाड सुई खुपसून हवा मोकळी करावयाची. या अवस्थेचें चित्र काढण्यांत वेळ गेला तर तो वेळ रुग्णाच्या आयुष्यांतून गेलेला असतो, असें वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस बजावून शिकवतात. म्हणून नातलगांनीं 'आधीं फोटो काढा' असा हट्ट धरूं नये. डॉक्टर चित्रावांचून सुई उचलतात तेव्हां ते उतावीळपणा करीत नसून कर्तव्य करीत असतात.

दुसरा प्रसंग विंचवाचा. तांबड्या विंचवाच्या दंशानें माणसें दगावत, हें महाराष्ट्रास पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. तीं नेमकीं कशानें दगावतात हें मात्र पुरतें उमगलेलें नव्हतें. जालना जिल्ह्यांतील देहेड या गांवीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रायगड जिल्ह्यांत, महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत असतांना, अशा रुग्णांच्या खाटेशीं बसून त्यांचें तासातासानें निरीक्षण केलें. दंशानंतर ओकाऱ्या, भरपूर घाम आणि हातपाय गार पडणें, हीं पुढील संकटाचीं पूर्वचिन्हें आहेत असें त्यांनीं १९८२ सालीं 'लॅन्सेट' या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकांत मांडलें. विषामुळें शरीरांत ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयास त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावें लागतें, तें थकतें, आणि मागें तुंबलेल्या रक्तांतील पाणी फुप्फुसांत झिरपतें. रुग्ण जणूं कोरड्या जमिनीवर बुडतो. तोंडाला गुलाबी फेस येतो.

अशा रुग्णाच्या चित्रांत दोन्ही फुप्फुसांच्या मध्यभागीं, हृदयाच्या दोहों बाजूंस, वटवाघळानें पंख पसरावे तशी पांढरी छाया दिसते. जुनाट हृदयविकारानें असें पाणी झालें असेल तर हृदय बहुधा मोठें दिसतें. विंचवाच्या दंशांत मात्र, संकट अकस्मात् आल्यामुळें, हृदयाचा आकार नेहमींइतकाच असूं शकतो. हें ज्यास ठाऊक नाहीं तो 'हृदय मोठें नाहीं, म्हणजे हृदयाचा दोष नाहीं' असें समजून न्यूमोनियाचीं औषधें देत बसेल. रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध आवळलेल्या वाहिन्या सैल करतें, म्हणून बावस्कर यांनीं तें विंचूदंशावर योजिलें आणि त्याचे परिणाम १९८६ सालीं प्रसिद्ध केले. पूर्वीं शेंकडा २५ ते ३० रुग्ण दगावत, तें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आलें. मुंबईच्या हाफकिन संस्थेंत बनणारी विंचवाची प्रतिविष लस प्राझोसिनबरोबर दिल्यास रुग्ण लौकर सुधारतो, हें त्यांचें पुढील संशोधन २०११ सालीं प्रसिद्ध झालें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. या सर्व इतिहासाचा बोध आपल्या विषयापुरता एवढाच कीं पूर्वचिन्हें चित्राच्या आधीं दिसतात. फुप्फुसांत वटवाघळाचे पंख उमटण्याची वाट पाहणारा उशीर करतो. गार हात व घामेजलेलें कपाळ पाहणारा वेळेवर पोहोंचतो.

तिसरा प्रसंग लहान मुलाचा. घरांत भुईमुगाच्या शेंगा भाजल्या आहेत, मूल खातां खातां हसलें, ठसका लागला, आणि नंतर एका बाजूनें शिट्टीसारखा श्वास येऊं लागला. दाणा चित्रांत दिसत नाहीं, कारण त्याची छटा शरीराच्या मांसाहून निराळी नसते. दिसतो तो त्याचा परिणाम. दाण्यानें नळी अर्धवट अडवली कीं हवा आंत जाते पण बाहेर पडत नाहीं. श्वास सोडलेल्या अवस्थेंत चित्र काढलें तर एक फुप्फुस रिकामें होऊन पांढुरकें होतें आणि दुसरें फुगलेलें, काळें राहतें. हाहि फरक कधीं कधीं दिसत नाहीं. म्हणून 'ठसका लागला होता' ही आईनें सांगितलेली हकीकत स्वच्छ चित्रापेक्षां अधिक मोलाची मानतात आणि दुर्बीण घालून नळी तपासतात. मुलानें नाणें गिळलें असेल तर तें शुभ्र चकतीसारखें तात्काळ दिसतें. परंतु त्या चकतीच्या कडेशीं दुहेरी वर्तुळ दिसलें तर तें नाणें नसून खेळण्यांतील वा घड्याळांतील बटणासारखा विजेचा सेल असतो. अन्ननलिकेंत अडकलेला असा सेल दोन तासांतच तेथील त्वचा जाळूं लागतो. तो काढण्यास रात्र उलटूं देणें धोक्याचें आहे.

चौथा प्रसंग पोटदुखीचा. सांधेदुखीच्या गोळ्या महिनोन् महिने घेणाऱ्या वृद्धास एके दिवशीं पोटांत सुरी खुपसल्यासारखी कळ येते, पोट फळीसारखें कडक होतें, आणि डॉक्टर सांगतात छातीचें चित्र काढावयास! घरच्यांस हें विपरीत वाटतें. परंतु जठरास भोंक पडलें असेल तर त्यांतील हवा पोटाच्या पोकळींत सुटते. रुग्णास कांहीं मिनिटें बसवून वा उभें करून चित्र घेतलें तर ती हवा वर चढून, उजव्या बाजूस यकृत व श्वासपटल यांमध्यें, द्वितीयेच्या चंद्राच्या काळ्या कोरीसारखी दिसते. ती कोर दिसली कीं बहुधा शस्त्रक्रियेची तयारी सुरू होते.

आतां साक्षीची दुसरी बाजू. चित्र स्वच्छ आहे म्हणून रुग्ण सुखरूप आहे असें म्हणतां येत नाहीं. हृदयविकाराच्या झटक्यांत छातीचें चित्र पुष्कळदां निर्दोष असतें. तेथें हृदयाच्या विद्युत्-आलेखास व रक्ततपासणीस महत्त्व. पायांतील शिरेंत गोठलेलें रक्त सुटून फुप्फुसाच्या वाहिनींत अडकलें तर रुग्ण मृत्यूच्या दारांत असूनहि चित्र जवळजवळ स्वच्छ दिसूं शकतें. किंबहुना श्वास अतिशय लागलेला आणि चित्र स्वच्छ, या विसंगतीवरूनच जाणत्या डॉक्टरास संशय येतो. दम्याच्या झटक्यांतहि तेंच. न्यूमोनियाच्या आरंभीं ताप व धाप आधीं येतात, छाया मागून उमटते. आणि रोगी बरा होऊन हिंडूं लागला तरी छाया कांहीं आठवडे रेंगाळते. क्षयाची छाया बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागांत दिसते, परंतु जुना भरलेला व्रण आणि चालूं रोग यांतील भेद नुसत्या चित्रावरून नेहमींच कळत नाहीं. त्यासाठीं थुंकी तपासावीच लागते.

नव्या साधनांनीं या कामांत पुष्कळ सोय केली आहे. चित्र आतां बहुधा संगणकाच्या पडद्यावर उमटतें आणि क्षणांत दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवतां येतें. क्षयाच्या प्राथमिक चाळणींत पंधरा वर्षें व त्यांवरील व्यक्तींचीं चित्रें वाचण्यासाठीं संगणकीय प्रणाली वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं मान्यता दिली. निजलेल्या अपघातग्रस्ताच्या छातींतील हवा व रक्त ओळखण्यांत शिकलेल्या हातांतील सोनोग्राफी क्ष-किरण चित्राहून अधिक सूक्ष्म ठरली आहे. मात्र कागदी वा फिल्मवरील चित्र खिडकीसमोर धरून त्याचें मोबाइलनें छायाचित्र काढून पाठवणें हा कामचलाऊ उपाय होय. त्यांत बारीक रेघा पुसल्या जातात, बाजूची खूण कापली जाते, आणि ज्या रेघेवर निदान अवलंबून असतें तीच हरवते.

या किरणांची भीति बाळगणारेहि पुष्कळ आहेत. छातीच्या एका चित्रांत शरीरास सुमारें ०.०२ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग पोहोंचतो. जमीन, आकाश व अन्न यांतून प्रत्येक मनुष्यास वर्षाकांठीं सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. म्हणजे एक चित्र तीन दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतकें झालें. छातीच्या सीटी तपासणींत हें प्रमाण शंभर पटींहूनहि अधिक होऊं शकतें, म्हणून ती विचारपूर्वकच करावी. गर्भवती स्त्रीनें आपली अवस्था आधीं सांगावी. परंतु तिच्या जिवास धोका असतां छातीचें चित्र टाळूं नये, कारण आईचा श्वास हाच गर्भाचाहि श्वास असतो.

तर कुटुंबानें काय करावें? छातींत कळ, वाढती धाप, निळे ओठ, रक्ताची उलटी वा छातीस जबर मार यांपैकीं कांहींहि असल्यास, आधीं एखाद्या खाजगी केंद्रांत चित्र काढून मग रुग्णालयांत जाऊं, हा विचार सोडावा आणि सरळ रुग्णालय गांठावें. १०८ क्रमांकावर बोलावतां येणारी रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून उपलब्ध आहे, आणि परभणीस २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि आहे. धाप लागलेल्या माणसास सक्तीनें आडवें करूं नये; त्यास बसूं द्यावें. घडलेली हकीकत सांगतांना वेळ सांगावी : दंश केव्हां झाला, ठसका केव्हां लागला, कळ केव्हां आली. जुनीं चित्रें घडी न घालतां, तारखेप्रमाणें लावून जपून ठेवावीं व बरोबर न्यावीं. आज दिसणारा डाग दहा वर्षांपूर्वींच्या चित्रांतहि तसाच असेल तर केवढी तरी चिंता मिटते; तो तेव्हां नसेल तर केवढी तरी दिशा मिळते. जुन्या चित्राइतका स्वस्त आणि चांगला सल्लागार दुसरा नाहीं.

आणि शेवटीं डॉक्टरांस 'फोटोंत काय निघालें?' एवढेंच न विचारतां 'रुग्णाच्या लक्षणांशीं हा फोटो जुळतो का?' असें विचारावें. चित्र व रुग्ण यांची साक्ष एक असली तर उत्तमच. ती भिन्न असली तर विश्वास रुग्णावर ठेवावा आणि पुन्हां तपासावें. कारण औषध द्यावयाचें असतें तें सावलीस नव्हे, माणसास.